उभ्या गाडीचं गाऱ्हाणं

पेट्रोल वाचवण्यासाठीच देवाने जन्माला घातलेला माणूस मी उभ्या जन्मात एकच पाहिला, आणि माझं नशीब असं थोर, की तो माझ्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ निघाला. दुसऱ्या कुणाचा असता तर लांबून हसून मोकळा झालो असतो. मेव्हण्याचं तसं नसतं. मेव्हणा घरात येतो, पाटावर बसतो, बहिणीच्या हातची तिसऱ्यांची आमटी ओरपतो आणि वर आपल्यालाच शहाणपण शिकवतो.

लढाई संपल्यावर लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा हा बेळगावला जाऊन एक जीप घेऊन आला. डाव्या हाताला चाक, अंगावर हिरव्या रंगाचे पोपडे, आणि आवाज असा की आमच्या वाडीतल्या म्हातारीने पहिल्या दिवशी अंगणातली मिरची भरून घरात घेतली, तिला वाटलं गडगडतंय. ही गाडी म्हणे डोंगर चढते, चिखल तुडवते, ओढे ओलांडते. चारही चाकं ओढायला लागतील असा एक दांडा तिच्यात होता. मेव्हण्याने पहिलं काम काय केलं असेल, तर तो दांडा सुंभाने करकचून बांधून टाकला. मी विचारलं, "ह्या कित्या रे?" तर म्हणतो, "भावजी, चार चाकां ओढूक लागली तर चार तोंडां खावक लागतली." झालं! लढाईत कुठकुठले रानडोंगर पालथे घालून आलेली ती गाडी आमच्या मालवणच्या दर्याकाठच्या पुळणीत येऊन रुतायची, आणि हा सुंभाची गाठ सोडण्याऐवजी बैल शोधत फिरायचा. का, तर बैल गवत खातो.

त्या जीपची टाकी नेमकी हाकणाऱ्याच्या बुडाखाली असते. त्यामुळे हा गाडीत बसला की खुडुक कोंबडी अंड्यांवर बसावी तसा दिसायचा. ऊठसूट खाली उतरायचा, बैठक वर करायचा, माडाच्या झावळीच्या हिराची काडी टाकीत बुडवायचा आणि ती डोळ्यांपुढे धरून वैद्यासारखा मान हलवायचा. मग ती काडी झटकून तिचा थेंबसुद्धा परत टाकीत. उतार लागला की इंजिन बंद. खाली पोचेपर्यंत गाडी भुतासारखी मुकी. भोंगा वाजवायचा नाही, भोंगाही काहीतरी खातच असणार असा त्याचा संशय. मग हा वाकून ओरडायचा, "बाजूक रवा गोऽऽ, येतंय गोऽऽ!" टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या मासेवाल्या बायका दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांवर चढायच्या आणि तिथून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. हा हात जोडायचा. शिव्यांना पेट्रोल लागत नाही.

चढ आला की, "उतरा रे!" भाडं देऊन बसलेली माणसं उतरून ढकलायची, वर पोचल्यावर धापा टाकत बसायची, आणि हा त्यांनाच सांगायचा, "बघलास मा, किती हलकी गाडी!" एकदा लग्नाचं वऱ्हाड होतं. जाताना उपाशी होतं म्हणून निमूट नेलं. जेवण झाल्यावर मात्र हा गाडीला आडवा उभा राहिला. "पोटात वडे घालून गाडीत खंय चढतास? आदी जिरवा!" मुलाकडची प्रतिष्ठित माणसं, त्यांना त्याने शेतातल्या बांधावरून असं चालवलं, की नवऱ्यामुलाच्या मामाने जागच्या जागी दुसरी सोयरीक बघायची भाषा केली. बायको मला म्हणाली, "तसो तो वायट नाय ओ." मी म्हटलं, "वायट असतो तर बरा होता गो. वायट माणसाक चार लोक टाळतत तरी."

मी तांडेल. सगळी उमर गलबतावर गेली, शिडात वारा भरून घेऊन आम्ही पार वेंगुर्ल्यापासून मुंबईपर्यंत माल नेलेला. माझं तेवढंच शिक्षण. मेव्हण्याला त्याचा भारी हेवा. "तुमका बरा भावजी, दर्यार वारो फुकट!" हे वाक्य तो सुस्कारा सोडून म्हणायचा. आणि एके दिवशी म्हणता म्हणता त्याच्या डोक्यात किडा शिरला. माझं जुनं शीड मागायला आला. मी दिलं नसतं, पण बहिणीने आतून आणून दिलं, वर फाटलं होतं तिथे ठिगळही लावून दिलं. भावाने माझा गळा कापायला सुरी मागितली असती तर हिने तीही साफ पुसून दिली असती.

सकाळच्या पारी त्याने पुळणीवर जीपमध्ये बांबू उभा केला, शीड चढवलं. अर्धं मालवण बघायला. मी ओरडून सांगितलं, "अरे मेल्या, मतलई सुटली आसा, मतलई! तो वारो जमनीवरसून दर्यात जाता. तुका खंय जावचा आसा?" तो म्हणाला, "वाऱ्याक माझा बरा ठावक आसा." शीड भरलं. आणि खरं सांगतो, गाडी चालली! इंजिन बंद, पेट्रोलचा थेंब नाही, आणि लष्कराची जीप पुळणीवरून चालली. त्या वेळचा त्याचा चेहरा मी विसरणार नाही. आमच्या तुळशीच्या लग्नात नवरा झालेल्या बाळकृष्णाच्या मूर्तीवर असतो तसा तो चेहरा होता. तो चेहरा घेऊनच हा सरळ दर्यात गेला. पाणी बैठकीला लागलं तेव्हा त्याला टाकी आठवली आणि त्याने बोंब मारली. तिथे रापण ओढायला जमलेली माणसं होती, त्यांनी जाळं सोडून दोर जीपला बांधले आणि "हैऽऽसा" करून तिला बाहेर काढलं. पुढे कित्येक दिवस बाजारात लोक विचारायचे, "काय तांडेलांनू, जीप काय भाव?" आणि घरी बायको कुणावर उखडली? माझ्यावर. "तुमी तांडेल मा? वारो तुमच्या वळखीचो, जरा थांबवूक नाय येवक?"

पण ह्या सगळ्यावर कडी म्हणजे त्याचं गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठलंही काम निघालं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. गावच्या जत्रेला, शेताच्या नांगराला, होडी पाण्यात लोटताना घालतात, ते ठीक. हा प्रत्येक वेळी आमच्या अंगणातून गाडी काढताना घालायचा. आणि ते साधंसुधं नव्हे. "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या ह्या लेकरान गाडी भायर काढल्यान हा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तर वाटेत चढ कमी पडांदे, उतार जास्त पडांदे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मग घरातल्या एकेकाचं नाव घेऊन सुखाचं मागणं. त्यात पहिलं नाव बहिणीचं. "माझ्या बायेक दम लागता, ता दमाचा दुखणा दर्यापार कर रे म्हाराजा!" ती ओटीच्या कडेचा खुंट धरून पायरीवर उभी असायची, तीच आपल्या नावाला सगळ्यात मोठ्याने "व्हय म्हाराजा" म्हणायची.

आता यातली गंमत ऐका. हे सगळं तो इंजिन चालू करून घालायचा. गाडी उभी, चाकं जाग्यावर, धूर माझ्या ओटीवर, आणि ह्याचं गाऱ्हाणं देवाच्या चुलत्या-मामांपर्यंत पोचलेलं. उतारावर वाचवलेलं सगळं पेट्रोल इथे माझ्या अंगणात जळायचं. मी एकदा म्हटलं, "आदी गाडी बंद कर." तर म्हणतो कसा, "मेल्या गाडीचा गाऱ्हाणा कोण ऐकता? ती जित्ती होयी." मी म्हटलं, "अरे, पण पेट्रोल?" तो माझ्याकडे दयेने बघून म्हणाला, "भावजी, तुमी तांडेल. गाडीतला तुमका काय कळता? चाकां फिरली तर पेट्रोल जळता. उभ्या गाडीक कसली भूक?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने मला घरात ओढलं. "सांगू नकात."

"कित्या? मेलो काडी बुडवन बुडवन डोळे फोडून घेता."

"घेवंदे. तुमी सांगितल्यात तर तो गाऱ्हाणा कमी करतलो." मग पदराने कपाळ पुसून म्हणाली, "सगळ्यांची नावां घेता ओ तो. माका बरा वाटता."

मी सांगितलं नाही. तिच्यासाठी मी आणखीही पुष्कळ गोष्टींत गप्प राहिलोय. तेवढं चांगलं केलं असेन.

गेल्या पावसाळ्यानंतर तिचा दम वाढला. एका सकाळी ओठ निळे पडले. मेव्हण्याला निरोप गेला. तो आला, आम्ही तिला मागे निजवलं, तिचं डोकं माझ्या मांडीवर. आणि हा माणूस एक अक्षर न बोलता गाडी हाकू लागला. गाऱ्हाणं नाही, काडी नाही. चिखलाचा ओढा आला तेव्हा त्याने कोयतीने सुंभ कापलं, दांडा ओढला आणि चारही चाकांनी गाडी वर काढली. उतार आला. मी सवयीने आवाज बंद होण्याची वाट बघितली. इंजिन चालूच. हा पेट्रोल जाळतोय म्हणजे हिचं काही खरं नाही.

तिलाही ते कळलं असावं. डोळे न उघडता म्हणाली, "गाऱ्हाणा ऱ्हवला मा रे."

त्याने मागे न बघता, हाकता हाकताच घातलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या बायेक…" पुढचं त्याला येईना. तिने वाट बघितली आणि त्याच्या आधीच म्हणाली, "व्हय म्हाराजा."

सावंतवाडीच्या दवाखान्यात तिला आत नेलं. मेव्हणा गाडी बंद करीना. "बाय भायर इली की लगेच न्हेवया," म्हणून तो इंजिन चालू ठेवून दारात बसून राहिला. ऊन डोक्यावर आलं. मी बाहेर आलो तेव्हा गाडी गप्प होती. त्याने बैठक वर केली होती, हातात ती हिराची काडी, पूर्ण कोरडी. माझ्याकडे बघून म्हणाला, "भावजी, ही उभी ऱ्हवान पण खाता."

मी म्हटलं, "व्हय रे." आणि मग त्याला दुसरं सांगितलं.

अजून तो येतो. बाजारातून काही हवं का विचारतो, आमटी मी केलेली असते ती खातो, नावं ठेवतो. त्यानंतर पहिल्यांदा आला तेव्हा निघताना गाडीत बसला, किल्लीला हात न लावता हात जोडले आणि हलक्या आवाजात सुरू झाला, "बा देवा म्हाराजा…" गाडी बंद. आता त्याला कळलं होतं ना. अंगण एवढं गप्प, की पायरीवर कुणी नाही हे ऐकू येत होतं. सवयीने पहिलं नाव तिचं आलं, आणि तो तिथेच अडला.

मी ओरडलो, "चालू कर आदी! मेल्या गाडीचा गाऱ्हाणा कोण ऐकता?"

"पेट्रोल जळात भावजी."

"जळांदे."

त्याने गाडी चालू केली. धूर ओटीवर आला, माझ्या डोळ्यांत गेला. त्या खडखडाटात त्याने पुन्हा पहिल्यापासून गाऱ्हाणं घातलं, तिचं नाव घेतलं, आणि खुंट धरून मी जमेल तेवढ्या मोठ्याने म्हणालो, "व्हय म्हाराजा."