गल्लीतल्या चार ओसऱ्या

पोरी, जवळ सरक. लांब पुण्यात असलीस म्हणून काय झालं, मावशीचं पत्र वाचताना जवळच बसायचं असतं. आणि आधी बोलणी खा. "मावशी, तुमचा भाकरीचा धंदा बंद पडला म्हणं?" असं फोनवर विचारतात व्हय? एवढ्या दिवसांत तोंड दाखवलं न्हाईस, अर्धीमुर्धी बातमी मात्र बरी पोचली. आता पुरती ऐक.

तुझे काका गेले तेव्हा हे घर मला खायला उठायचं. एकटीपुरती भाकरी थापायची म्हटलं की हातच चालायचा नाही. एके सकाळी समोरच्या घरातल्या चाची आपली परात घेऊनच आल्या. "तुमारा तवा गरम हैच, मेरे भी थाप लेतूं," म्हणाल्या आणि बसल्या. पहिला गरम घास त्यांनीच माझ्या तोंडात घातला. मग त्यांच्या शेजारच्या अक्का यायला लागल्या. त्यांचं माहेर कर्नाटकात, रागावल्या की निम्मं कानडीत बोलतात. आणि माझ्या भिंतीला भिंत लागून राहते ती नवी नवरी, तिला आम्ही तिघीही सूनबाईच म्हणतो.

कडक भाकरी अक्कांनी शिकवली. ज्वारीचं पीठ, अगदी पातळ थापायची, भाजून झाली की मंद आचेवर पापडासारखी कडक होईस्तोवर शेकायची. लई दिवस टिकते. आपला उमरगा पडला हायवेवर. ट्रकवाल्यांना प्रवासात बांधून न्यायला असलंच लागतं, म्हणून ढाब्यावाल्यांची मागणी सुरू झाली. माझी पुढची खोली सकाळपासून पिठानं आणि हसण्यानं भरायला लागली. मला दुसरं काय पाहिजे होतं गं?

मग ढाब्याचा टेम्पो दारापर्यंत यायला लागला. आपली गल्ली म्हणजे समोरासमोरच्या ओसऱ्यांतून हात लांबवला तर हाताला हात लागतोय. टेम्पो घुसला की मोटारसायकलसुद्धा अडकायची. गल्लीच्या टोकाचे एक भाऊ रोज कामाला उशिरा पोचायला लागले. त्यांनी पालिकेत तक्रार केली. त्यांचंही काय चुकलं?

पालिकेचे साहेब आले. तरुण माणूस, पण दारात पायताण काढून आत आले. म्हणाले, "आजी, हा राहायच्या घरांचा भाग आहे. घरात बसून छोटा उद्योग करायला हरकत न्हाय. पण तो घरच्या माणसांनीच करायचा. बाहेरच्या बायका कामाला, दारात मालाची गाडी, असं झालं की त्याला घर म्हणता येत न्हाय."

"बाहेरचं कोण हाय हितं?" मी म्हटलं. "सगळी घरचीच."

त्यांनी चाचींकडं बघितलं. "ह्या कोण तुमच्या?"

"जाऊ," मी म्हणाले.

त्याच वेळी मागनं अक्का म्हणाल्या, "नणंद."

आणि सूनबाई पदर सावरत म्हणाली, "माझ्या सासूबाई."

चाचींना हसू आवरेना. "साब, जिसकू जो होना वो मैं हूँ!"

साहेबही हसले गं, पण त्यांनी आडनावं विचारली. आडनावं निघाली चार! आम्ही काही खोटं बोललो नव्हतो. गल्लीत आम्ही एकमेकींना अशीच हाक मारतो. पण साहेब म्हणाले, "आजी, तुमचं नातं मला पटतंय. नियमात मात्र घर म्हणजे एका उंबऱ्याच्या आत राहणारी माणसं."

भाकरी काय, कुठंही थापता येते. पण ती रिकामी सकाळ परत यायची, याचं भ्या वाटलं.

अक्का तापल्या. "मग काय आपापल्या घरात बसून थापायच्या, आन् भिंतीसंगं बोलायचं?"

साहेब म्हणाले, "थापा की! आपापल्या घरात थापल्या तर चौघींचे चार घरगुती उद्योग. त्याला कोण अडवतंय? फक्त गाडी मोठ्या रस्त्याला उभी करा, आणि आमच्याकडं येऊन नोंद करा."

भाकरी, दही आणि शेंगाची चटणी खाल्ल्याशिवाय काही त्यांना जाऊ दिलं नाही. ते गेले. तव्यावरची भाकरी करपली तरी कुणी उठेना. तेव्हा सूनबाई हळूच म्हणाली, "काकू, ओसरी घरातच धरतात न्हाय का?"

चाचींनी तिचे गालच ओढले!

नोंद करायला गेलो तेव्हा आधी तेच विचारलं. साहेब म्हणाले, "तुमच्या जागेत असली तर घरातच की. रस्त्यावर पसारा येऊ देऊ नका म्हणजे झालं."

आता सकाळी येऊन बघ. चार ओसऱ्या, चार शेगड्या, चार पराती. माझ्यासमोर चाची, त्यांच्या शेजारी अक्का, माझ्या बाजूला सूनबाई. मीठ संपलं की वाटी या ओसरीवरनं त्या ओसरीवर जाते. आधी खोलीत बोलायचो ते आता गल्लीभर ऐकू येतंय. तक्रार केलेले भाऊ मधनं गाडी ढकलत जातात. परवा मी अक्कांना विचारलं, "काल भाजी काय केली होती?" तर अक्कांच्या आधी तेच म्हणाले, "वांगं! दोनदा सांगितलं की त्यांनी." अक्कांनी त्यांच्या हातात भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, "खावा, आन् कान जरा घरी ठेवून येत जावा."

माझ्या ओसरीवर अजून एका पाटाची जागा आहे, पोरी. पण नियमानं बघितलं तर तू बाहेरची. सख्ख्या बहिणीची लेक असलीस तरी राहतीस पुण्याला. तेव्हा उभ्या उभ्या भेटून जायचं नाव काढू नकोस. पिशवी भरून राहायलाच ये, माझ्या उंबऱ्याच्या आत. मग परात तुझ्या हातात देते. चाचींनी तर आत्ताच ठरवून टाकलंय, तू त्यांची भाची. लवकर ये गं.