सुटी फरशी

फरशीकाका कुठल्याही मराठी घरातली शेवटची फरशी पक्की बसवत नसत. ती नुसती जागेवर ठेवून निघून जात. शेवटचा हप्ता हातात पडला की स्वतः येऊन ती सिमेंटात बसवत आणि मगच त्या घरचा चहा घेत. सिंगापुरातल्या निम्म्या मराठी घरांना हे ठाऊक होतं. मला नव्हतं, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

काका मूळचे कराडकडचे. राहायला वुडलँड्सला, कामं मात्र बेटभर. आम्ही बुकित तिमाहला कॉन्डोतला फ्लॅट घेतला तेव्हा काकांचं कोटेशन काही सर्वांत स्वस्त नव्हतं. पण सुधीर, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आपला माणूस आहे, त्यालाच देऊ." काका पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणू लागले. फरशीची पातळी बघायला ते गुडघ्यांवर बसून गाल जमिनीला टेकवत. "यंत्र सरळ सांगतं, ताई, पण पाणी खरं सांगतं," असं म्हणून बाल्कनीत तांब्याभर पाणी ओतत आणि ते कुठे पळतंय ते बघत बसत. आमच्या बाल्कनीतलं पाणी शहाण्या मुलासारखं थेट जाळीकडे गेलं होतं. मी स्वतः पाहिलं होतं.

काम संपलं, तरी सिंकपुढची एक फरशी पाय पडला की खट्‌ वाजायची. "आई, दॅट टाइल टॉकिंग अगेन लाह," आमची लेक म्हणायची. मीही आल्यागेल्याला सांगायचे, एवढे नावाजलेले काका, पण आमच्याकडे बघा काय करून ठेवलंय. आमच्याच इमारतीत दुसरं काम निघालं की काका दारात येऊन विचारत, "साहेब आहेत का, ताई?" साहेब नेमके नसत. मी चहाचा आग्रह करायचे. ते म्हणत, "फरशी बसली की घेईन." मग बसवा की, मी म्हणायचे. ते कसनुसं हसत. पुढे यायचेच बंद झाले.

दोन वर्षांनी आम्ही घर विकायला काढलं, नव्या घराचा विसारही दिला, आणि वकिलाचा फोन आला. आमच्या घरावर कोर्टाचा जप्तीचा हुकूम नोंदवलेला होता. तो उठल्याशिवाय विक्री होणार नव्हती. दावा करणाऱ्याचं नाव मला ओळखूसुद्धा येईना. वुडलँड्सचा पत्ता वाचला तेव्हा कळलं, हे आमचे फरशीकाका. त्यांचं नाव विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

सुधीरच्या खणात कोर्टाची पत्रं निघाली, एकही न फोडलेली. शेवटचा हप्ता का थकवला विचारलं, तर आधी तो बाल्कनीत पाणी साचतं म्हणाला. मी तांब्याभर पाणी घेऊन बाल्कनीकडे निघाले, तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "आपलाच माणूस, म्हटलं देऊ सावकाश. कोर्टात जाईल असं वाटलं नव्हतं."

व्याजासकट पैसे दिले, हुकूम उठला, घर विकलं गेलं. किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशी काका घमेलं घेऊन दारात उभे. घर आता आमचं नाही, असं मी म्हणाले. फरशी माझी आहे, ते म्हणाले, आणि गुडघ्यांवर बसले.

काम करता करता बोलले. गावाकडे सोसायटीचं कर्ज थकलं की सातबाऱ्यावर बोजा चढतो, तसा इथेही चढवता येईल असं त्यांना वाटलं होतं. पण इथे कंत्राटदाराला परस्पर बोजा चढवता येत नाही, आधी कोर्टाचा निकाल लागतो, असं त्यांच्या वकिलीणबाईंनी सांगितलं. तोवर कामगारांचे पगार थांबवता येईनात, म्हणून त्यांनी व्हॅन विकली होती. "परक्याकडून मी सही घेतो," ते म्हणाले, "आपल्या माणसाकडे फरशी सुटी ठेवतो."

मी चहा टाकला. फरशी बसली, काकांनी गाल टेकवून पातळी पाहिली, हात धुतले. मी कप पुढे केला.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले.