कोलंबोहून आणलेला डोळा

माझ्या पत्नीचा, सुमनचा, डावा डोळा तिच्या लहानपणी देवीच्या साथीत गेला. आमच्या खानदेशात त्या रोगाला रोग म्हणत नसत, ‘देवी आल्या’ म्हणत, आणि उतरल्या की देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवत. सुमनच्या आईनेही तो दाखवला होता, मुलीचा एक डोळा पांढरा पडलेला असताना. लग्नानंतर आम्ही सुरतेला आलो, उधन्याला दोन खोल्यांत संसार मांडला, आणि सुमनने भिंतीवर पहिली तसबीर लावली ती सप्तशृंगीची. मला ते कधी समजलं नाही. जिच्या नावाने डोळा गेला तिलाच रोज हळदकुंकू वाहायचं? मी तसं बोलून दाखवत नसे, पण आरतीच्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जाऊन उभा राहत असे.

पुढे एका दिवाळीच्या आधी तांदूळ पाखडताना तिच्या उजव्या डोळ्यात तूस गेलं. आम्ही पाणी मारलं, दूध घातलं, दोन दिवसांनी दवाखान्यात गेलो. तोवर आत जखम झाली होती. जखम भरली, पण बुबुळावर फूल पडलं. उजेड आणि अंधार एवढंच तिला कळू लागलं. दाराशी कोण आलं ते ती पावलांवरून ओळखायची आणि पोळी हाताला चटका बसला की उलटायची. एकदा मी घरात शिरलो तेव्हा ती तसबिरीच्या काचेवरून बोटं फिरवत होती. तिला चाहूल न देता मी तसाच मागे फिरलो. त्या दिवशी माझ्या मनात देवीबद्दल जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सुरतेतले आमचे डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, मुंबईला शिकून आलेले. ते म्हणाले, “मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवता येतं. पण इथे कोण देणार? लोक चितेवर अख्खा देह जायला हवा म्हणतात. सिलोनमध्ये मात्र लोक देतात.” देशाचं नाव तेव्हा बदललं होतं, तरी आमच्या सगळ्यांच्या तोंडी सिलोनच होतं. मी एका जरीच्या पेढीवर इंग्रजी पत्रव्यवहार पाहत असे, आणि आमच्या शेठचा माल कोलंबोला जायचा. शेठना हे कळलं तेव्हा त्यांनी कोलंबोची फाईल माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, “तिकडच्या व्यापाऱ्याशी बोलणी करायला या खेपेला मी जात नाही. तुम्ही जा.” मी तोवर विमान फक्त आकाशात पाहिलेलं होतं.

मे महिना होता. मी कोलंबोला पोहोचलो आणि इकडे रेल्वेचा संप सुरू झाला. पेढीचं काम लवकर उरकलं. रोज सकाळी मी नेत्रदानाचं काम करणाऱ्या एका संस्थेच्या व्हरांड्यात जाऊन बसायचो. तिथले एक वयस्क गृहस्थ मला चहा द्यायचे आणि मान हलवायचे. म्हणजे आज काही नाही. तिथे बसून मी कशाची वाट पाहतो आहे हे एकदा लख्ख जाणवलं. मी कुणाच्या तरी मरणाची वाट पाहत होतो. अशा गोष्टीसाठी प्रार्थना तरी कशी करायची? त्या दिवसापासून मी काही मागायचं सोडून दिलं. नुसता बसून राहायचो.

परतीच्या दिवशी सामान बांधून मी त्यांचा निरोप घ्यायला गेलो, तर ते गृहस्थ फाटकाशीच उभे होते. आदल्या रात्री एक मासेमार वारला होता. त्याचा एक डोळा तिथल्याच एका मुलाला बसवला होता आणि दुसरा माझ्यासाठी ठेवला होता. काचेच्या कुपीत घालून ती बर्फ भरलेल्या थर्मासमध्ये ठेवलेली. “सरळ धरा, उघडू नका, आणि उद्या संध्याकाळच्या आत बसवायला हवा,” त्यांनी बजावलं. बाजूला पांढऱ्या साडीतली एक मुलगी उभी होती, त्या मासेमाराची लेक. ती पुढे आली, दोन्ही हात त्या थर्मासवर ठेवले आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. गृहस्थांनी सांगितलं, “ती विचारते, तुमच्या पत्नीचं नाव काय?” मी सांगितलं. “सुमन,” ती हळूच म्हणाली, आणि हसली. वडील गेल्याला अजून एक दिवस झाला नव्हता, आणि ती हसली.

रात्र कोलंबोच्या विमानतळावर काढून पहाटे निघालो, पण आमचं विमान वाटेत मद्रासला अडकून पडलं. काहीतरी दुरुस्ती होती. सांताक्रूझला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. त्या काळात काही वर्षं मुंबईहून सुरतेला एक छोटं विमान जात असे, आणि त्यात माझी जागा शेठनी आधीच घेऊन ठेवली होती. ते सुटायची वेळ जवळजवळ झालीच होती. संपामुळे गाड्या बंद, आणि मोटारीने पोहोचायला मध्यरात्र झाली असती. ते विमान चुकलं की डोळा वाया जाणार होता.

कस्टमच्या टेबलाशी लांबच लांब रांग होती. माझी पाळी आली तेव्हा अधिकाऱ्याने थर्मासकडे बोट केलं. “यात काय?”

“डोळा आहे, साहेब.”

त्याने मान वर केली. “काय आहे?”

मी सांगू लागलो, पण घाईत मराठी, हिंदी, इंग्रजी सगळं एकात मिसळलं. त्याला मी लपवाछपवी करतो आहे असं वाटलं असावं. “उघडा,” तो म्हणाला. मी थर्मास छातीशी धरला. “उघडला तर नासेल. सुरतेला डॉक्टर थांबलेत.” तो म्हणाला, मग आरोग्य खात्याच्या साहेबांना बोलावतो, तोवर बाजूला उभे राहा. साहेब चहाला गेले होते.

माझ्या मागे पन्नाशीच्या आसपासची एक गुजराती बाई उभी होती. अंगाने भरलेली, घामाने कपाळावरचा कुंकवाचा चांदला ओघळलेला, भोवती पाच-सहा पेट्या. आफ्रिकेतल्या मोंबासाहून आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती मला ओलांडून पुढे झाली आणि खड्या सुरती आवाजात म्हणाली, “साहेब, एनी बायडीनी आंख छे आमां. मारी बधी बेग खोली नाखो, पण आ भाईने जवा दो.” याच्या बायकोचा डोळा आहे, माझ्या सगळ्या पेट्या उघडा, पण याला सोडा. असं म्हणून तिने खरोखरच पहिल्या पेटीचे खटके काढले.

अधिकारी तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने हात पुढे करून थर्मासला नुसता स्पर्श केला. आतला बर्फ हलका वाजला. त्याचा चेहराच बदलला. टेबलावरचा खडू उचलून त्याने थर्मासच्या झाकणाजवळ तपासल्याची खूण केली आणि म्हणाला, “पळा.”

मी पळालो. अर्थात थर्मास सरळ धरून पळणं म्हणजे काय ते ज्याने भरलेला माठ घेऊन घाईने जिना चढला असेल त्यालाच कळेल. देशातल्या विमानांच्या खिडकीशी पोहोचलो तर तिथल्या तरुणाने कागदावर नजर टाकली आणि म्हणाला, “तुम्ही आला नाहीत म्हणून तुमची जागा दिली. गर्दी पाहताय ना? विमान भरलंय.”

“सुटलं?”

“सुटलं नाही अजून. सुरतेच्या धावपट्टीवर म्हशी आल्यात, हाकलेपर्यंत थांबवलंय. पण जागा नाही, काका.”

काचेतून ते विमान दिसत होतं. उन्हात उभं होतं, शिडीही लागलेली होती. मी त्याला विनवलं, सगळं सांगितलं. त्यालाही वाईट वाटलं. आत जाऊन तो कुणाशी तरी बोलून आला आणि नुसती मान हलवली. कोलंबोच्या त्या गृहस्थांसारखीच.

मी बाकावर बसलो. थर्मास मांडीवर घेतला. आता कुणाकडे जायचं, काय करायचं, काही सुचेना. आयुष्यात इतका रिकामा मी कधी झालो नव्हतो. राग नव्हता, आशा नव्हती, नवस बोलायचीही ताकद नव्हती. मांडीवरच्या थर्मासला हात लावून मी मनात एवढंच म्हणालो, “माय, माझ्याकडून झालं तेवढं झालं. आता तुझं तू बघ.” ते शब्द माझे नव्हतेच, सुमनचे होते. सप्तशृंगीच्या तसबिरीपुढे तिच्या तोंडून हजारदा ऐकलेले. पण म्हटल्याबरोबर आतून काहीतरी सुटलं. लहान मूल रडून रडून आईच्या खांद्यावर निजतं तसा मी निवांत झालो. डोळा वाया गेला तरी चालेल असं नव्हे. पण तो आता माझ्या एकट्याच्या हातात नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. मान वर केली तर तीच बाई समोर. हमाल मागे, आणि सोबत धोतर-टोपीतला एक माणूस. तो तिचा भाऊ, तिला घ्यायला गावाहून आला होता आणि सुरतेच्या विमानातल्या दोघांच्या जागा त्याने आधीच येऊन पक्क्या करून ठेवल्या होत्या.

“भाई, हजु अहींयां?” ती म्हणाली, अजून इथेच?

मी जागा गेल्याचं सांगितलं. तिने भावाच्या हातातून आपला पास घेतला आणि माझ्यापुढे धरला. भाऊ कळवळून म्हणाला, “बेन, बा वाट जुए छे! डॉक्टरे शुं कह्युं छे, तने खबर छे ने?” तेव्हा मला उमगलं की तिची बा, म्हणजे आई, अंथरुणाला खिळलेली होती, डॉक्टरांनी आशा सोडली होती आणि तिला भेटायलाच ती इतक्या दुरून आली होती. मी पास परत करू लागलो.

तिने माझी मूठ मिटवली. “मारी बा आटलां वरस बेठी, एक दा’डो वधारे बेसशे. आंख नहीं बेसे.” माझी आई इतकी वर्षं थांबली, आणखी एक दिवस थांबेल. डोळा नाही थांबायचा. तिचा आवाज खणखणीत होता, पण तिने भावाकडे पाहायचं टाळलं. मी वाकून तिच्या पाया पडलो. तिला ते आवडलं नाही. “जाओ, जाओ,” म्हणत तिने मला जवळजवळ ढकललंच. भावाने स्वतःच खिडकीशी जाऊन माझं नाव लिहवून घेतलं आणि आपलीही जागा सोडून तो बहिणीजवळ थांबला.

विमानात मी खिडकीशी होतो. खाली खाडीचं पाणी चमकत होतं. थर्मासला कान लावला तर बर्फाचा आवाज येत होता. एका कोळ्याचा, जन्मभर समुद्र पाहिलेला हा डोळा त्याच समुद्रावरून चालला होता, आणि त्याला न्यायला किती जण लागले होते! शेठ, ती पोरकी झालेली लेक, खडू धरणारा हात, ही बाई. शेठ सोडले तर यातलं मला कुणी ओळखत नव्हतं. मी भरलेल्या डोळ्यांनी बसून होतो. शेजारच्याने विचारलं, “तबियत ठीक है?” मी होकारार्थी मान हलवली. थर्मास पुन्हा सरळ धरला.

कोलंबोहून केलेली तार पोहोचली होती, म्हणून धावपट्टीवर डॉक्टर स्वतः गाडी घेऊन आले होते. गवतात लांबवर म्हशी चरत होत्या. त्याच संध्याकाळी त्यांनी शस्त्रक्रिया केली.

दुसऱ्या दिवशी सुमन डोळ्यांना पट्टी बांधून उताणी पडली होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हशींचं ऐकून, डोळा हलू नये म्हणून, ती ओठ दाबून हसली. “आमच्या मायने एक महिषासुर मारला, त्याचंच कौतुक करतात सगळे,” ती म्हणाली. “बाकीच्या म्हशी तिने कामाला ठेवल्यात, हे कुणाला माहीत?”

पट्टी निघायच्या आधीच ती बाई विचारत विचारत दवाखान्यात आली. कुणाच्या तरी ट्रकमधून सुरतेला पोहोचली होती. मी विचारलं, “बा?” ती पदराने तोंड पुसत म्हणाली, “मळी गयां.” आई भेटली होती. लेकीच्या हातून दोन घास खाल्ले होते, आणि त्यानंतर दोन दिवसांनी गेली होती. एवढं सांगून तिने सुमनच्या उशाशी चिकू ठेवले आणि बराच वेळ तिचा हात हातात घेऊन बसली. एकीला दुसरीची भाषा धड येत नव्हती. दोघी पुष्कळ बोलल्या.

आमच्या ओळखीत मग बोलणं सुरू झालं की साक्षात सप्तशृंगीच त्या बाईच्या रूपाने आली. मलाही तसं म्हणावंसं वाटे. सुमनने मात्र एकदा स्पष्ट सांगितलं, “तिला देवी म्हणू नका हो. देवीला काय अवघड होतं? ती बाई होती, तिची आई मरायला टेकली होती, आणि तरी तिने जागा दिली. माय तिच्यात आली असेल, पण द्यावं लागलं ते तिलाच.”

पट्टी निघाली तेव्हा सुमनला आधी नुसतं धुकं दिसलं, मग खिडकीचे गज, मग मी. “किती वाळलात,” ती म्हणाली आणि आमचे डॉक्टर तोंड फिरवून उभे राहिले.

पुढच्या चैत्रात आम्ही वणीला सप्तशृंगीच्या गडावर गेलो. पायऱ्या चढताना तिने माझा हात धरला नाही. गाभाऱ्याशी लोक हात जोडून डोळे मिटत होते. ती मात्र उघड्या डोळ्याने एकटक पाहत राहिली. पुजारी पुढे चला म्हणू लागले तरी हलेना. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर म्हणाली, “माझं दर्शन मी डोळे मिटूनही घेत होतेच की. पण त्या कोळीदादाला बघू द्यायला नको का?”

आजही चमत्कार झाला की योगायोग, असं कुणी विचारलं तर मी वाद घालत नाही. मला एवढंच माहीत आहे की माझी धाव संपली तो बाक मी पाहिला आहे, आणि त्याच्या पुढचा प्रवास मी केलेला नाही, तो माझ्याकडून करवून घेतला गेला. आता संध्याकाळी सुमन निरांजन लावते तेव्हा मी बाहेर जात नाही. तिच्या शेजारी उभा राहतो. आरतीचे शब्द मला अजून नीट येत नाहीत, म्हणून मी नुसते हात जोडतो.