तीन नंबरच्या सिलिंडरवरच्या लाल रेषा

भुताखेतांचं मला कुणी सांगू नये. नवी मुंबईतल्या दिघ्यात वाढलो, वडील कंपनीत लोडिंगला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड बघितलेला मी पहिला. विमानाच्या इंजिनांचं लायसन स्वतःच्या हिमतीवर काढलंय. कुणी लिंबू-मिरची बांधायला लागलं की मी आधी 'का?' विचारतो. तरीही हे लिहितोय...

महापे एमआयडीसीत आमची शेड आहे. फ्लाइंग स्कूलच्या छोट्या विमानांची इंजिनं आमच्याकडे पूर्ण खोलून पुन्हा बांधायला येतात. बहुतेक एकाच घराण्यातली — सहा सिलिंडर, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आडवे झोपलेले. ताकद कमी-जास्त, ठेवण तीच. प्रत्येक सिलिंडर आठ नटांवर. नट दोन फेऱ्यांत आवळायचे, आधी निम्म्या जोरावर, मग पूर्ण. एखादा सिलिंडर निम्म्यावरच राहिला तर टेस्टला कळेलच असं नाही. कळतं ते हवेत — शिकाऊ पोर एकटं उडत असताना.

इंजिन बांधायचे जवळच्या बोनकोडे गावचे बाळाराम काका. पूर्ण आवळलेल्या नटावरून खालच्या धातूपर्यंत ते लाल रेष ओढत. नट हलला तर रेष तुटते. बाकी सगळे पिवळा रंग वापरतात, काका बायकोचं नेलपॉलिश. स्टोअरची वैशाली चिडवायची, "काका, काकी बाटली शोधत बसली असेल हां!"

"तिला दुसरी आनून दिली. ही माजी सही हाय."

मी इन्स्पेक्टर. प्रत्येक नटाला माझा रेंच लावायचा, मगच सही — हा नियम. पण काकांची रेष दिसली की मी नुसतं बघून सही करायचो. त्यांना ते माहीत होतं. "ग्रॅज्युएट, नुसतं डोल्यांनी नको. हात लाव, मंग सही कर."

त्या बुधवारी काका घरी जेवायला गेले, ते आलेच नाहीत. ताटावरच गेले.

दोन दिवसांनी मी त्यांच्या इंजिनापुढे उभा राहिलो. पाच सिलिंडरांवर रेषा होत्या, तीन नंबरचा कोरा. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्याने पहिल्यापासून करायचं, ही शेडची रीत. पण मला वाटलं, आवळून झालं असेल, रेष ओढायच्या आधी उठले असतील. काकांचं शेवटचं इंजिन... त्यांच्याच रंगात जावं. त्यांच्या पेटीतली बाटली काढली आणि आठही रेषा मीच ओढल्या. फोटो काढला, रेंच न लावताच सही ठोकली. इंजिन टेस्टला झकास चाललं. नंतर मी स्वतः ते पुसून साफ केलं, तेव्हाही रेषा होत्या.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी लाकडी खोक्यात भरताना वैशाली म्हणाली, "अरे, याला काकांच्या लाल टिकल्या लावायच्या राहिल्या का?"

तीन नंबर कोरा. डाग नाही, ओरखडा नाही. बाकीच्या चाळीस रेषा जागेवर.

"तू पुसल्यास?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का? आणि पुसून मला काय मिळणार?"

मी रेंच लावला. पूर्ण आवळलेला असता तर 'टक' वाजून थांबला असता. नट फिरला. दुसराही फिरला. आठच्या आठ.

मी इंजिन खोक्यातून परत बाहेर काढायला लावलं. ते इंजिन सोमवारी कुणाच्या तरी पोराला घेऊन उडणार होतं, माझ्या सहीवर.

मालकांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सही करायचा अधिकार सहा महिने गेला, आणि जायलाच हवा होता. काकांनी बांधलेली आधीची इंजिनंही परत तपासली गेली. एकही नट ढिला निघाला नाही.

गरम तेलाने रेषा गेल्या म्हणावं, तर बाकीच्या चाळीस का राहिल्या? थिनरने कुणी पुसल्या म्हणावं, तर ते स्टोअरमध्ये कुलपात. आणि मोबाईलमधल्या फोटोत त्या आठ रेषा आजही आहेत. घाईत ओढलेली त्यातली एक वाकडी आहे. ती मी मोठी करून बघत बसतो. शिकलेला माणूस आहे, काहीतरी कारण असणारच म्हणतो... सापडलेलं नाही.

एवढंच सांगतो. काकांनी ओढलेली एकही रेष गेली नाही. गेल्या त्या फक्त मी त्यांच्या नावाने केलेल्या आठ सह्या.