खिडकीतला पेजेचा डबा

फेब्रुवारी १९८६, दुसरा सोमवार. हजर : माझे मिस्टर, मी, धाकटे दीर बापू. स्थळ : नाशिक, गंगापूर रोडवरचं एक छोटं हॉस्पिटल, पहिला मजला, खिडकीजवळची खाट.

आधीच सांगते — नवस, अंगात येणं, भूतखेत हे आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हाच सोडलं. त्यातून मी कचेरीत आवक-जावक क्लार्क. पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर मी साधं पाकीटही नोंदवत नाही.

मिस्टरांच्या पित्तनलिकेतला कॅन्सर मुंबईला ऑपरेशन करून काढला होता. मागे काही राहू नये म्हणून नाशकात केमोच्या सहा पाळ्या, दर अठ्ठावीस दिवसांनी. आदल्या दिवशी रक्त तपासायचं. पांढऱ्या पेशी कमी असल्या की तारीख पुढे. वेळापत्रक आणि त्या वर्षीच्या कामांची यादी माझ्या पर्समध्ये.

पहिल्याच पाळीला खिडकीत स्टीलचा डबा दिसला. आत गरम नागलीची पेज. मला वाटलं बापूंनी आणली, बापूंना वाटलं सिस्टरनी. अन्नाच्या वासानं उलटी होणारा माणूस ती सगळी प्यायला... डबा धुऊन खिडकीत ठेवला, खालून औषधं घेऊन आले तर डबा गायब.

पुढच्या पाळीला तोच डबा, भरलेला. तोच कशावरून — झाकणाला पोचा. नाव मात्र कोरलेलं नाही. बिननावाचा डबा आपल्याकडे कुणाच्या घरात असतो?

तिसऱ्या वेळी पेशी कमी निघाल्या, तारीख नऊ दिवस पुढे गेली. मुद्दाम बापूंनाही सांगितली नाही. नवव्या दिवशी डबा हजर! सिस्टर म्हणाल्या, "आम्ही नाही हो ताई, आम्हाला आमचाच डबा वेळेवर मिळत नाही."

चौथ्या पाळीलाही डबा आला. पाचव्या पाळीला मात्र खिडकी रिकामी. रिपोर्ट उत्तम, सलाईन टांगलेली. आणि माझ्या तोंडून गेलं, "डॉक्टर, रक्त परत तपासा."

"बाई, रिपोर्ट समोर आहे. कारण काय?"

काय सांगू — पेज आली नाही?

"वहिनी, तारीख चुकली तर तुम्हीच आमचं डोकं खाल," बापू कुजबुजले.

"चुकू दे. तपासा."

तासाभरानं डॉक्टर स्वतः कागद घेऊन आले. फायलीतला रिपोर्ट दुसऱ्याच पेशंटचा होता. यांच्या पेशी इतक्या खाली होत्या, की त्या दिवशी औषध गेलं असतं तर पुढचा साधा तापही झेपला नसता.

"तुम्हाला कळलं कसं?"

"मला तपासायची सवय आहे," मी म्हटलं. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

बारा दिवसांनी पेशी वर आल्या. डबाही आला. पाचवी झाली, मग सहावी! त्या दिवशी मिस्टर आधाराशिवाय जिना उतरले आणि म्हणाले, "बापू, सायकल इकडे आण. मी चालवतो, तू मागे बस."

"दादा, येड लागलं का तुला?" म्हणत बापू रडत होते आणि हसतही होते.

डबा न्यायला मात्र कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत थांबले, आयांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना विचारलं, शेवटी घरी आणला. कुणाचा, तारखा कुणाला कळायच्या... मला आजही सांगता येत नाही.

तीन वर्षं झाली. मिस्टर कामावर जातात, भाजीत तिखट कमी म्हणून भांडतात. डबा रिकामा परत करू नये, म्हणून मी दर महिन्याला रव्याचे लाडू भरून हॉस्पिटलात जाते, विचारते, घेऊन येते. मिस्टर तो संपवतात. "मालक सापडू नये बुवा," म्हणतात.

त्या वर्षीच्या यादीत सत्तावीस कामं होती. सव्विसांपुढे बरोबरची खूण आहे. राहिलंय एकच — डबा परत करणे. उद्या सोमवार आहे. लाडू वळून ठेवलेत.