येईलच

दुपारी लेकीचा मेसेज आला, ‘आई, आय माइट कम दिस समर.’ चष्मा पुसून मी तो पुन्हा वाचला. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे माझी नजर आधी क्रियापदावर जाते; आनंद मागाहून होतो, व्हायचा असला तर.

फळ्यावर मी शिडी काढायचे. सगळ्यात वर विल, म्हणजे येईन. त्याखाली मे, म्हणजे बहुतेक येईन. अगदी तळाला माइट, म्हणजे जमलं तर बघू. आमची नंदिनी त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. गेल्या उन्हाळ्यात तिने ‘विल’ लिहिलं होतं, दिवाळीत ‘मे’. एकेक पायरी बिनचूक उतरली आहे पोरगी. मार्क कापायला कुठे जागा नाही.

संध्याकाळी शेजारच्या वहिनी कढीपत्ता न्यायला आल्या. “काय हो, उन्हाळ्यात येतेय ना नंदिनी?”

“येईलच की,” मी म्हणाले.

त्या गेल्या आणि तो ‘च’ घरात मागे राहिला. खरोखर येणाऱ्याला आपण ‘च’ लावत नाही. दूधवाला येईल म्हणतो, सहाला पाणी येईल म्हणतो. ‘च’ लावतो तो मनाला टेकू म्हणून.

माझ्या शिडीवर या ‘च’ची पायरी मी कधी काढली नव्हती. ती माइटच्याही खाली असते. तिथे वाट बघणारं माणूस उभं असतं.