बर्नाडीनचा सगळ्यांना सारखा नियम

बर्नाडीन हुडाकचा कुणावरच विश्वास नव्हता. अंडीवाला ट्रे ठेवून वळायच्या आत ती त्याच्यादेखत एक अंडं बशीत फोडून बघायची. पोस्टमन जरा गोड बोलला, की हा आपली पत्रं वाचत असणार असं धरून चालायची. तिच्या बेकरीत मी बावीस वर्षं काढली, तरी डॉक्टरकडे जाताना ती लोण्याच्या वड्यांवर नखाने खुणा करून जायची. विचारलं तर म्हणायची, "तुझ्यासाठी नाही गं लोरेटा, उंदरांसाठी." आमच्या दुकानात उंदीर नव्हते.

पोलादाचा कारखाना बंद पडला, निम्मं गाव पिट्सबर्गला गेलं, पण लग्नातलं बिस्किटांचं टेबल कुणी बंद केलं नाही. केक कसाही असला तरी आमच्याकडे चालतो. टेबल ओकंबोकं दिसलं तर मात्र घरच्यांची अब्रू गेली. मावश्या, आत्या, काकू महिनाभर आधीपासून भाजायला बसतात, आणि लग्नाच्या दिवशी जिचं तबक तिनेच हातात धरून पुढच्या दाराने आत आणायचं असतं. कुणी काय केलं आणि कुणी काय नाही केलं, ते सगळ्यांना दिसतं. अख्खं टेबल दुकानातून आणायचं म्हणजे आपल्याला कुणी नाही अशी दवंडीच पिटायची. म्हणून बर्नाडीनचा नियम होता: लेडी लॉक, म्हणजे क्रीम भरलेल्या खुसखुशीत नळ्या, हव्यात तर चार डझन घ्या, अख्खं टेबल मिळणार नाही. गव्हर्नरची मुलगी आली तरी नाही.

त्या वर्षी आमच्या नगरपालिकेने कायदा केला. दुकान उघडं असेल तर ते सगळ्यांना उघडं. दोन बायका किंवा दोन पुरुष लग्न करताहेत म्हणून गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही. टीव्हीवर तेव्हा कुठल्या ना कुठल्या राज्यातला दुकानदार याच कारणावरून कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसायचा. दुकानदारांच्या बैठकीत वकील कोस्ट्याकने समजावलं, "जे एकाला विकता ते दुसऱ्याला नाकारू नका. जे कुणालाच विकत नाही, ते तुमच्याकडे कुणी मागू शकत नाही. आणि जपून राहा, परीक्षा घ्यायला खोटी गिऱ्हाइकंही पाठवतात." बर्नाडीनने त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी नेलं. त्यानंतर महिनाभर तिला प्रत्येक अनोळखी माणूस कोर्टाचाच वाटत होता.

जुलैमधल्या एका मंगळवारी दोघी आल्या. एक उंच, टेसा युरिक, नदीपलीकडच्या युरिकांची. दुसरी नेल, ओहायोची. ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये दोघींचं लग्न होतं, दीडशे माणसं येणार होती.

"आम्हाला अख्खं टेबल हवंय," टेसा म्हणाली.

बर्नाडीनने आधी त्यांचे बूट बघितले, मग नेलच्या पर्सकडे डोळे लावले; आत रेकॉर्डर असणारच. "मावश्या नाहीत?"

"आत्या धरून अकरा आहेत."

"मग?"

टेसाने बोटांवर मोजायला घेतलं. "हेलन आत्याचा ओव्हन बिघडलाय. डोरोथी मावशीचं मनगट दुखतंय. व्हेरोनिका मावशीने सरळच सांगितलं, असल्या लग्नाला मी पीठ मळणार नाही. बाकीच्या फोन उचलत नाहीत. टेबलाशिवाय माझी आई हॉलमध्ये पाऊल ठेवणार नाही, मिसेस हुडाक. तिला लाज वाटते."

"आम्ही अख्खं टेबल कुणालाच करून देत नाही," बर्नाडीन पर्सकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांना सारखा नियम आहे. चार डझन लेडी लॉक मिळतील."

नेलने टेसाचा हात धरला आणि दोघी गेल्या. मला वाईट वाटलं, आणि रागही आला. तो मी गिळला, कारण मला नोकरी हवी होती. हेही सांगूनच टाकते.

"अकरा जणी, आणि एकही भाजत नाही?" बर्नाडीन म्हणाली. "पाठवणाऱ्यांना धड थापही मारता येत नाही."

"तुला त्यांचं लग्न पटत नाही, असं म्हण ना."

"पटण्याचा प्रश्न कुठे आला? नियम आहे."

"मी काय विचारलं?"

"ओव्हन बघ. करपतंय."

काही करपत नव्हतं. तिने कोस्ट्याकला फोन लावला. तो म्हणाला, नियम खरंच सगळ्यांना सारखा असेल तर तुम्हाला कुणी हात लावू शकत नाही. ती इतकी खूश झाली, की त्या दिवशी डॉक्टरकडे जाताना लोण्यावर खुणा करायला विसरली.

शुक्रवारी आम्ही चर्चच्या तळघरात पिरोगी करायला बसलो. बटाटा आणि चीज भरलेल्या उकडीच्या करंज्याच म्हणा, चर्चच्या मदतीसाठी दर आठवड्याला करतो. टेसाने नावं घेतलेल्या तिघीही त्याच बाकावर असतात. त्या पोरींचं खोटं पकडायचं म्हणून बर्नाडीन मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन बसली.

"हेलन, ओव्हन काय म्हणतोय?"

"काय म्हणायचंय? कालच अक्रोडाचे सहा रोल भाजले."

डोरोथी तिच्या शेजारी दोन तास लाटणं फिरवत होती. बर्नाडीन तिच्या मनगटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "टेसा माझ्याकडे आली होती."

बाकावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. फक्त व्हेरोनिका शिमको हसली. "मग काय झालं? कायदा दुकानांना आहे बाई, मावश्यांना नाही." आता सगळ्याच हसल्या. व्हेरोनिकाने पिठाचा हात बर्नाडीनच्या पाठीवर ठेवला. "आणि तू तर दुकान असून सुटलीस. नियम बरा सापडला तुला. शेवटी आपल्यातलीच आहेस."

आयुष्यात कुणी कौतुक केलं की बर्नाडीनला आधी कपटाचा वास यायचा. त्या दिवशीही आला असणार.

"हेलनचा ओव्हन चालू आहे," परतताना गाडीत ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"माझाही चालू आहे."

दुकानात शिरताच तिने टेसाला फोन केला. मी शेजारीच उभी होते, ऐकू येत होतं. "टेबल मी विकणार नाही, नियम म्हणजे नियम," बर्नाडीन म्हणाली. "पण मावशी म्हणून भाजून देईन. पैसे नकोत."

टेसाने विचारलं, "वकिलाने सांगितलं का फोन करायला?"

"नाही."

"मग घाबरलात?"

"मंगळवारी घाबरले होते." बर्नाडीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "लोरेटा सगळं मागच्या दाराने आणून ठेवेल. कुणाला कळायचं कारण नाही."

"मावश्या मागच्या दाराने येत नाहीत, मिसेस हुडाक," टेसा म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्याने आपल्यावर घेतलेल्या संशयाची चव कळायला बर्नाडीनला इतकी वर्षं लागली. तो होकार होता की नकार, तेही पोरीने सांगितलं नव्हतं. बर्नाडीनने दुसऱ्या दिवसापासून भाजायला सुरुवात केली. कपडे वाळवायच्या लाकडी चिमट्यांवर कणकेच्या पट्ट्या गुंडाळायच्या, भाजायच्या, डब्यात भरायच्या. अक्रोडाच्या शिंगड्या, बडीशेपेच्या जाळीदार चकत्या, पीचसारखी गुलाबी बिस्किटं. मीही हात लावला, आणि माझी वहिनीही मदतीला आली.

लग्नाच्या दिवशी आम्ही हॉलसमोर गाडीत दहा मिनिटं बसून होतो. "पलीकडच्या गाडीतला तो माणूस फोटो काढतोय," बर्नाडीन म्हणाली. तो माणूस सँडविच खात होता.

पुढच्या दारात व्हेरोनिका जांभळा पोशाख घालून उभी होती, मागे हेलन आणि डोरोथी. लग्नाला सगळ्या आल्या होत्या. जेवायला कुणाचं मनगट आडवं येत नाही. टेसाची आई आत भिंतीला लागून रिकाम्या टेबलाशेजारी बसली होती, पर्स मांडीवर धरून.

बर्नाडीनच्या हातात सगळ्यात मोठं तबक होतं. व्हेरोनिकाने ते बघितलं आणि जरा कनवाळूपणे मान हलवली. "शेवटी घ्यावीच लागली ना ऑर्डर? कायद्यापुढे तू तरी काय करणार."

व्हेरोनिकाने तिला सुटकेची वाट मोकळी करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर शुक्रवारच्या बाकावरची जागा राहिली असती, आणि पन्नास वर्षांच्या मैत्रिणीही. मी मागे दोन तबकं घेऊन उभी होते. बर्नाडीनने तबक जरा वर धरलं.

"ऑर्डर नाही," बर्नाडीन म्हणाली. "घरचं आहे. सरक, अजून गाडीत नऊ तबकं आहेत."